बरोक काळातील दरबारी उत्सवांची एचिंग-चित्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चित्रे नेमकी कशाची आहेत?

सतराव्या शतकातील, म्हणजे कलेच्या इतिहासातील बरोक काळातील, युरोपीय राजघराणी विवाह, युवराजाचा जन्म, तह, विजय किंवा एखाद्या पाहुण्या राजपुत्राचे आगमन अशा निमित्तांनी मोठे सार्वजनिक उत्सव भरवीत असत. त्यांत सजवलेल्या रथांच्या मिरवणुका, लुटुपुटीच्या लढाया, घोडेस्वारांची नृत्ये, यंत्रांच्या साहाय्याने देवदेवता आकाशातून उतरवणारी संगीतनाटके, शोभेचे दारूकाम आणि शाही मेजवान्या असत. या प्रसंगांची तांब्याच्या पत्र्यावर रेषा आम्लाने खोदून, म्हणजे एचिंग करून, कागदावर छापलेली चित्रे म्हणजे प्रस्तुत उत्सवचित्रे. काही चित्रे सुटी विकली किंवा वाटली जात, तर काही उत्सवाचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात बांधली जात. या प्रकाराची सुरुवात सोळाव्या शतकातच झाली होती. फ्लॉरेन्समध्ये १५८९ साली तिथला राज्यकर्ता फर्दिनांदो मेदिची आणि लोरेनची क्रिस्तीन यांच्या विवाहाची चित्रे छापली गेली होती. तथापि ज्या चित्रांमुळे हा प्रकार कलेच्या इतिहासात मान्यता पावला, ती साधारणतः १६१५ ते १६८० या काळातील आहेत.

एका दिवसाच्या उत्सवासाठी राजांनी इतका खर्च करून चित्रे का छापून घेतली?

कारण उत्सव पाहणारे प्रेक्षक थोडे होते आणि तो ज्यांना कळावा अशी राजाची इच्छा होती ते बहुतेक दूर होते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने व्हर्साय येथे मे १६६४ मध्ये भरवलेल्या उत्सवाला सुमारे ६०० निमंत्रित होते. व्हिएन्ना, माद्रिद किंवा रोम येथील दरबारांपर्यंत या वैभवाची वार्ता पोहोचवण्याचे काम छापलेल्या ग्रंथानेच होऊ शकत होते. राजदूतांना असे ग्रंथ भेट दिले जात. पॅरिसमध्ये १६६२ साली झालेल्या घोडेस्वारांच्या भव्य खेळाचा ग्रंथ १६७० मध्ये निघाला, तेव्हा परदेशी वाचकांसाठी त्याची लॅटिन आवृत्तीही काढण्यात आली.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. उत्सवासाठी उभारलेल्या कमानी, मंदिरे आणि डोंगर हे लाकूड, कापड, कागदाचा लगदा आणि गिलावा यांचे असत. काही दिवसांत ते मोडून टाकले जात आणि कधी तर जाळून टाकणे हाच कार्यक्रमाचा शेवट असे. १६६४ च्या उत्सवात आल्सिना या जादूगारणीचा महाल पाण्यावर उभारला होता आणि तिसऱ्या रात्री दारूकामाच्या ज्वाळांत तो नष्ट करण्यात आला. इतकी संपत्ती अशा रीतीने खर्च करणाऱ्या राजाला तिचा काही टिकाऊ मोबदला हवा असणार, हे उघड आहे. म्हणूनच ही चित्रे उत्सवानंतर सुचलेली आठवण नव्हती. आराखडे तयार होत असतानाच चित्रकार नेमला जाई आणि छपाई हा उत्सवाच्या योजनेचाच एक भाग असे.

कोरीव कामाऐवजी एचिंगच का निवडले गेले?

मुख्यतः वेगासाठी. कोरीव कामात कारागीर पोलादी कोरणी नांगराच्या फाळासारखी पुढे ढकलत तांबे कापून काढतो. मोठा पत्रा पुरा करायला बरेच महिने लागू शकतात आणि हात तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. एचिंगमध्ये पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देऊन तो काजळीने काळा केला जातो आणि चित्रकार सुईने त्या थरावर केवळ रेखाटतो. जिथे थर खरवडला जातो तिथे तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात ठेवला की तेवढाच भाग खाल्ला जातो आणि रेषेची खाच तयार होते. थर काढून पत्र्याला शाई लावली आणि पृष्ठभाग पुसून घेतला की शाई खाचांतच उरते. मग ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांच्या दाबयंत्रातून पत्रा फिरवला जातो. कागदावरील चित्र पत्र्याच्या उलटे येते, त्यामुळे कधी कधी एखादा योद्धा डाव्या हातात तलवार धरलेला दिसतो.

यात चित्रकाराची रेखाटण्याची सवय तशीच कामाला येत असल्याने गर्दी, धूर, पाणी आणि घोड्यांची धावपळ हे सर्व हलक्या हाताने मांडता येते. हजारो माणसांचा प्रसंग कोरणीने दाखवणे अशक्य नव्हते. परंतु उत्सवाची चर्चा ताजी असताना चित्र बाजारात आणणे कोरणीला क्वचितच जमले असते. एचिंगची मर्यादा अशी की रेषा उथळ असतात आणि दाबाखाली पत्रा लवकर झिजतो. उत्तम प्रती काही शे निघाल्यानंतर चित्र फिके पडू लागते.

झाक कालो याचे नाव सर्वप्रथम का घेतले जाते?

कालो याचा जन्म १५९२ मध्ये लोरेन प्रांतातील नान्सी येथे झाला. १६१२ च्या सुमारास तो फ्लॉरेन्सला आला आणि मेदिची घराण्यातील कोझिमो दुसरा याच्या दरबारात काम करू लागला. तेथील उत्सवांचा मुख्य रचनाकार जूल्यो पारीजी हा वास्तुकार आणि रंगमंचाचा यंत्रज्ञ होता. त्याच्या मंडळीतील रेमीज्यो कांतागाल्लीना याने १६०८ च्या मेदिची विवाहातील आर्नो नदीवरच्या नौकांच्या उत्सवाची एचिंग-चित्रे आधीच केली होती आणि कालोला त्याच्याकडून शिकायला मिळाले. म्हणजे परंपरा तयार होती. कालोने तिची साधने बदलली.

पहिला बदल थराचा होता. मेणाचा मऊ थर दाट रेघांच्या ठिकाणी सुटून येई आणि आम्ल नको तिथे शिरून काळे डाग पडत. कालोने तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांचे कडक वार्निश पत्र्यावर वापरले. ते टिकाव धरी, त्यामुळे रेघा एकमेकींच्या अगदी जवळ ओढता येत. दुसरा बदल सुईचा होता. तिरके कापलेले टोक असलेली सुई बोटांत फिरवली की रेषा मध्ये जाड आणि शेवटी निमुळती होते, आणि आम्लाच्या रेषेला कोरणीच्या रेषेचे सौष्ठव येते. तिसरी गोष्ट म्हणजे टप्प्याटप्प्याने आम्ल देण्याची पद्धत त्याने फार कौशल्याने वापरली. दूरच्या रेषा थोडा वेळ खाऊ द्यायच्या, मग त्या वार्निशने झाकून पत्रा पुन्हा आम्लात ठेवायचा. त्यामुळे पुढची माणसे गडद आणि ठसठशीत दिसतात, तर मागची वास्तू जवळजवळ हवेत विरघळलेली वाटते. अब्राहाम बोस या फ्रेंच चित्रकाराने १६४५ मध्ये काढलेल्या पुस्तकामुळे ही तंत्रे युरोपभर पोहोचली.

ही साधने हाती आल्यावर कालोने १६१६ साली सांता क्रोचे चौकातील दोन मोठे खेळ, १६१७ मध्ये उफिझीच्या नाट्यगृहातील मध्यंतरनाट्ये आणि १६२० मध्ये इंप्रुनेता येथील जत्रा चित्रित केली. शेवटचे चित्र दरबारी उत्सवाचे नाही, पण ते कोझिमोला अर्पण केलेले आहे आणि त्यात हजाराहून अधिक माणसे आहेत. फेब्रुवारी १६२१ मध्ये कोझिमो वारला, दरबाराने खर्च आवरला आणि कालो त्याच वर्षी नान्सीला परतला. तिथेही १६२७ साली त्याने लोरेनच्या दरबारातील द्वंद्वखेळाची चित्रमालिका केली. १६३५ मध्ये त्याचे निधन झाले.

‘पंखा’ या नावाने ओळखले जाणारे चित्र काय आहे?

२५ जुलै १६१९ रोजी फ्लॉरेन्समधील विणकर आणि रंगारी यांच्या मंडळ्यांत आर्नो नदीवर लुटुपुटीची लढाई झाली. कालोने ते दृश्य हातपंख्याच्या आकाराच्या नक्षीदार चौकटीत बसवले, जेणेकरून छापलेला कागद कापून खराच पंखा करता येईल. चौकटीच्या कडांवर त्याने पुढे झुकून लढाई पाहणारे प्रेक्षक बसवले आहेत. उन्हाळ्याच्या दिवसांत प्रेक्षकांच्या हाती द्यायच्या वस्तूवर प्रेक्षकांचेच चित्र काढण्याची ही कल्पना मला या सबंध प्रकारातील सर्वांत खेळकर वाटते.

या उत्सवांत भारताचा काही संदर्भ येतो का?

येतो, पण तो ऐकीव आणि कल्पित भारत आहे. १६१६ च्या कार्निव्हलमध्ये सांता क्रोचे चौकात झालेल्या ‘प्रेमयुद्ध’ या खेळाचे कथानक भारताची राणी लुचिंदा आणि तिच्यासाठी झुंजणारे राजे यांच्याभोवती रचलेले होते. त्यांतील एकाला ‘नार्सिंगा’चा राजा म्हटले आहे. पोर्तुगीज प्रवासवर्णनांत विजयनगरच्या राज्यासाठी हेच नाव येते, आणि ते साळुव नरसिंह या राजाच्या नावावरून पडले होते. खेळ झाला तेव्हा तालिकोटच्या लढाईला पन्नास वर्षे होऊन गेली होती आणि ते राज्य जुन्या वैभवात उरले नव्हते. फ्लॉरेन्सच्या दरबाराला मात्र त्या नावाची झळाळी पुरेशी होती.

पॅरिसमध्ये ५ आणि ६ जून १६६२ रोजी झालेल्या खेळात घोडेस्वारांची पाच पथके होती: रोमन, पर्शियन, तुर्क, भारतीय आणि अमेरिकन. चौदावा लुई स्वतः रोमन सम्राट झाला होता आणि भारतीय पथकाचे नेतृत्व आंग्याँच्या ड्यूककडे होते. फ्रांस्वा शोव्हो याने काढलेल्या स्वारांच्या चित्रांत पिसांचे आणि रत्नांचे इतके ओझे आहे की भारतीय आणि अमेरिकन यांतील फरक पोशाखाच्या माहितीपेक्षा शिंप्याच्या कल्पनेवर ठरलेला दिसतो. या चित्रांतून भारताविषयी काही शिकण्यासारखे नाही. जगातील सर्व राजे फ्रान्सच्या सूर्याभोवती फिरतात, हे सांगण्यासाठी लुईला कोणते देश हवेसे वाटले, तेवढे त्यांतून समजते. हा खेळ ज्या मोकळ्या जागेत झाला, तिला आजही कारुझेल चौक म्हणतात.

नाटकांची चित्रे पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

प्रथम चित्र कोणाच्या जागेवरून घेतले आहे ते पाहावे. बरोक रंगमंचावर रंगवलेल्या पडद्यांच्या जोड्या दोन्ही बाजूंना एकामागे एक उभ्या असत आणि त्यांच्या सर्व रेषा मागे एका बिंदूकडे जात. हा दृष्टिभ्रम सभागृहातील एकाच आसनावरून पूर्णपणे साधत असे आणि ते आसन राजाचे असे. बाजूला बसलेल्या सरदाराला महालाचे खांब वाकडे दिसत. छापचित्र मात्र बहुधा राजाच्याच आसनावरून घेतलेले असते. त्यामुळे ग्रंथ उघडणारा दूरचा वाचक नकळत राजाच्या जागी बसतो आणि प्रत्यक्ष हजर असलेल्या अनेकांपेक्षा त्याला नाटक अधिक नीट दिसते.

व्हिएन्ना येथे जुलै १६६८ मध्ये झालेले ‘सोनेरी सफरचंद’ हे संगीतनाटक याचे उत्तम उदाहरण आहे. सम्राट लेओपोल्ड पहिला आणि स्पेनची राजकन्या मार्गारिता यांच्या विवाहासाठी ते योजले होते. पण नवे नाट्यगृह वेळेत पुरे न झाल्याने विवाहानंतर दीड वर्षाने, तेही दोन दिवसांत विभागून, ते सादर झाले. लुदोविको बुर्नाचीनी याने २३ दृश्ये रचली आणि माथेउस क्यूझेल याने ती पत्र्यावर उतरवली. त्यांपैकी नरकाचे दृश्य विशेष पाहण्यासारखे आहे: सारा रंगमंच म्हणजे एका राक्षसाचा उघडा जबडा आहे, आणि त्याच्या दातांच्या मधून मृतांना वाहून नेणारा नावाडी आणि जळते नगर दिसते. प्रेक्षागृहाच्या स्वतंत्र चित्रात सम्राट आणि सम्राज्ञी अगदी मध्यभागी बसलेले आहेत. १६८३ मध्ये तुर्कांनी वेढा घातला तेव्हा तटाजवळचे हे लाकडी नाट्यगृह पाडण्यात आले.

उफिझीमधील १६१७ च्या नाट्यप्रसंगाचे कालोचे चित्र याहून वेगळे आहे. मांतोवाचा ड्यूक आणि कातेरीना मेदिची यांच्या विवाहासाठी झालेल्या त्या प्रयोगात नर्तक वळणदार उतरणींवरून रंगमंचातून सभागृहात आले होते, आणि कालोने रंगमंच, उतरणी, नर्तक आणि दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकाच चौकटीत दाखवले. प्रत्यक्ष प्रयोगाची जाणीव मला त्यात अधिक होते, कारण तिथे पाहणारी माणसेही दृश्याचाच भाग आहेत.

स्तेफानो देला बेल्ला हा कालोचा अनुयायी होता का?

सुरुवातीला होता, पण हे लेबल त्याच्यावर अन्याय करते. फ्लॉरेन्समध्ये १६१० साली जन्मलेल्या देला बेल्लाने कालोची चित्रे गिरवून हात बसवला. पुढे त्याची रेषा कालोपेक्षा मोकळी आणि वातावरणाला अधिक जपणारी झाली. नोव्हेंबर १६३३ मध्ये पोलंडचा राजदूत येझी ओसोलिन्स्की याने रोममध्ये केलेला प्रवेश त्याने सहा कागदांवर दाखवला. त्यात उंट आहेत, लांब झगे घातलेले स्वार आहेत आणि दमल्यासारखे चालणारे सेवकही आहेत. घोड्यांना सोन्याचे नाल मुद्दाम सैल ठोकले होते, जेणेकरून ते रस्त्यात पडावेत आणि लोकांनी उचलावेत, अशी आख्यायिका या मिरवणुकीविषयी प्रसिद्ध आहे.

१६३७ मध्ये फर्दिनांदो दुसरा आणि व्हित्तोरिया देल्ला रोव्हेरे यांच्या विवाहात पित्ती महालाच्या चौकात ‘देवांचे विवाह’ हे नाटक झाले, आणि त्याची दृश्ये देला बेल्लाने चित्रित केली. त्याच उत्सवातील बोबोली बागेतील घोडेस्वारांच्या नृत्याच्या चित्रात त्याने घोड्यांच्या रचना आकृत्यांच्या रूपाने मांडल्या आहेत, त्यामुळे नृत्याचा क्रम आजही वाचता येतो. बोबोलीतच १६६१ मध्ये झालेल्या दुसऱ्या विवाहोत्सवात पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेला प्रचंड ॲटलास मैदानात आला. तेही चित्र त्याचेच आहे.

व्हर्सायच्या चित्रांचे वेगळेपण कशात आहे?

त्यांच्यामागे सरकारी यंत्रणा होती, यात. लुईचा मंत्री कोल्बेर याने राजाच्या इमारती, संग्रह, विजय आणि उत्सव यांची चित्रे सरकारी खर्चाने छापण्याची मोठी योजना राबवली. १६६४ चा उत्सव इझराएल सिल्व्हेस्त्र याने, तर १६६८ आणि १६७४ चे उत्सव मुख्यतः झाँ ल पोत्र याने पत्र्यावर उतरवले. या शेवटच्या दोन उत्सवांचे वर्णन आंद्रे फेलिबियाँ याने लिहिले. सिल्व्हेस्त्रची माणसे लहान आणि बाग अफाट आहे. ल पोत्रचा भर झुंबरे, हारतुरे आणि पाठमोऱ्या प्रेक्षकांच्या रांगांवर आहे. १६७४ मध्ये फ्रांश-कोंते प्रांत जिंकल्याबद्दल झालेल्या उत्सवात मोलिएरचे ‘काल्पनिक रोगी’ हे नाटक थेतिस या सागरदेवतेच्या नावाने बांधलेल्या कृत्रिम गुहेसमोर सादर झाले. ही गुहा दहाएक वर्षांतच महालाच्या नव्या भागासाठी पाडली गेली, म्हणून तिच्या अभ्यासकांना ल पोत्रच्या चित्राचा आधार घ्यावा लागतो.

या चित्रांवर ऐतिहासिक पुरावा म्हणून कितपत विश्वास ठेवावा?

वास्तू, यंत्रे आणि मिरवणुकीचा क्रम यांच्याबाबत बऱ्यापैकी. प्रसंग कसा पार पडला याबाबत फारच सावधपणे. अनेक पत्रे उत्सवाआधीच्या आराखड्यांवरून केलेले असल्याने ते काय घडायचे होते ते दाखवतात. पाऊस, न सरकलेला पडदा, कंटाळलेले पाहुणे यांना तिथे जागा नसते. माणसे प्रमाणापेक्षा लहान काढून चौक मोठा दाखवणे ही तर नेहमीची युक्ती होती.

काय वगळले आहे, तेही तपासले पाहिजे. १६६४ च्या व्हर्साय उत्सवातच १२ मे रोजी मोलिएरचे ‘तार्त्युफ’ हे नाटक प्रथम सादर झाले आणि त्यावर लगेच बंदी आली. सिल्व्हेस्त्रच्या नऊ चित्रांत मेजवानी, शर्यत, नाटक आणि जळता महाल आहे, ‘तार्त्युफ’ नाही.

उलट अँटवर्प शहरातील स्वागतोत्सवाचा ग्रंथ प्रजेची तक्रारही सांगतो. १७ एप्रिल १६३५ रोजी नवा स्पॅनिश प्रशासक फर्दिनांद याच्या स्वागतासाठी चित्रकार रूबेन्सने शहरभर कमानी उभारल्या होत्या. डचांनी स्केल्ट नदीचा मार्ग बंद केल्याने शहराचा व्यापार बुडाला होता, म्हणून एका मंचावर व्यापाराचा देव मर्क्युरी अँटवर्प सोडून निघालेला दाखवला गेला. थिओडोर व्हान टुल्डेन याने एचिंग केलेला हा भव्य ग्रंथ लोकांच्या हाती पडेपर्यंत, नोव्हेंबर १६४१ मध्ये, फर्दिनांद मरण पावला होता.

माझा अनुभव असा की या चित्रांतील खरी माहिती बहुधा कडेला सापडते. मध्यभागी काय असावे हे दरबार ठरवी. पुढच्या कोपऱ्यात कोण उभे राहील याची चौकशी फारशी कोणी करत नसावे. तिथेच कालो आणि देला बेल्ला यांनी भांडणारी कुत्री, लोटणारे पहारेकरी, भिंतीवर चढलेली मुले आणि उत्सवाकडे पाठ करून गप्पा मारणारी माणसे बसवली आहेत.

चित्रे रंगीत होती का?

छपाई एकाच काळ्या शाईत होत असे. खास प्रती मात्र हाताने रंगवल्या जात. १६६२ च्या पॅरिसमधील खेळाच्या ग्रंथाची, झाक बायी याने रंगवलेली आणि सोन्याने उजळलेली राजासाठीची प्रत व्हर्सायच्या नगर ग्रंथालयात आहे.

जुनी प्रत आणि नंतर काढलेली प्रत यांत फरक कसा ओळखावा?

पत्रे झिजत असले तरी ते वारसांकडे आणि प्रकाशकांकडे जात आणि त्यांच्यावरून पुढेही प्रती निघत. सुरुवातीच्या प्रतीत दूरच्या बारीक रेषा स्पष्ट असतात. झिजलेल्या पत्र्याच्या प्रतीत पार्श्वभूमी आधी नाहीशी होते आणि पुढची गडद माणसे तेवढी उरतात. तळाच्या मजकुरात प्रकाशकाचे नाव बदललेले असेल, तर पत्रा हातोहात गेल्याची ती खूण असते. कागद उजेडासमोर धरल्यास हाताने बनवलेल्या जुन्या कागदातील तारांच्या रेघा आणि जलचिन्ह दिसते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा असावा, पण अनेक संग्राहकांनी समास कापून टाकल्याने तो नसला तरी प्रत खोटी ठरत नाही. फ्रेंच राजांचे बरेच पत्रे आज लूव्र संग्रहालयाच्या ताब्यात असून तिथून जुन्या पत्र्यांच्या नव्या प्रती अधिकृतपणे काढून विकल्या जातात. तशी प्रत घेणे गैर नाही, फक्त ती सतराव्या शतकातील म्हणून कोणी विकू नये.

ही चित्रे घरबसल्या पाहता येतात का?

होय. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम यांनी कालो, देला बेल्ला आणि सिल्व्हेस्त्र यांची पुष्कळ चित्रे मोठ्या आकारात विनामूल्य उपलब्ध केली आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर उत्सवांचे पूर्ण ग्रंथ पानोपानी पाहता येतात. कालोचे ‘पंखा’ चित्र प्रत्यक्षात साध्या वहीच्या पानाएवढेच आहे, त्यामुळे पडद्यावर मोठे करून पाहणे हीच त्याच्यासाठी योग्य रीत आहे. सुरुवात डाव्या कडेपासून करावी आणि नदीवरच्या लढाईकडे सर्वांत शेवटी वळावे.